गावाकडचं बालपण, हुकूमशाही आणि भाषा: हेर्टा म्युलर तुम्ही कशी वाचता?

सायली_वाचते

२००९चं नोबेल मिळालेल्या हेर्टा म्युलरची ‘द लँड ऑफ ग्रीन प्लम्स’ संपवली. मूळ जर्मन कादंबरी १९९४ची, ‘हेर्त्सटिअर’. मी मायकेल हॉफमनने केलेला इंग्रजी अनुवाद वाचला. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात शहरात शिकायला आलेली निवेदिका आणि तिचे तीन मित्र, एडगर, कुर्ट, गेऑर्ग. चौघंही जर्मन बोलणाऱ्या अल्पसंख्याकांतले. गुप्त पोलीस मागे लागतात आणि एकेकाचं आयुष्य उसवत जातं.

पोलिसांचा भाग भयंकर असणार हे माहीत होतं. मला हादरवलं ते मधूनमधून येणाऱ्या बालपणाच्या तुकड्यांनी. नखं कापायची म्हणून आई मुलीला आपल्या कपड्यांच्या पट्ट्यांनी खुर्चीला बांधते. युद्धावरून परतलेला बाप शेतात काटेरी झाडं खुरपतो, आणि त्याने माणसं मारलेली आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. हिरवे आलुबुखार खाऊ नकोस, मरशील, असं तो मुलीला बजावतो. पुढे शहरात पहारेकरी तेच हिरवे आलुबुखार खिसे भरभरून खाताना दिसतात.

गावाकडच्या बालपणावरच्या पुस्तकात कुठेतरी एक मऊ कोपरा असेल, असं आपण धरून चालतो. इथे तो जवळजवळ नाहीच. माझं म्हणणं असं की लेखिकेसाठी पहिली हुकूमशाही गावच होतं. गप्प कसं बसायचं हे मुलगी आधी घरात शिकली, राज्याने फक्त पुढचे धडे दिले. तुम्हाला हे पटतं का? आणि या प्रकारचं आणखी काय वाचावं?

पायवाट

पटतं, पण त्या घरांवर काय गुजरलं होतं ते सोबत ठेवून वाचायला हवं.

म्युलरचा जन्म १९५३चा, पश्चिम रोमानियातल्या बानात भागातल्या निट्झकीडॉर्फ गावात. अठराव्या शतकात हाब्सबर्ग राजवटीने तिथे जर्मन शेतकरी वसवले, त्यांचे हे वंशज. दुसऱ्या महायुद्धात तिचे वडील वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलात होते. आजोबा सधन शेतकरी आणि व्यापारी होते, कम्युनिस्टांनी त्यांचं सगळं काढून घेतलं. आणि आई? जानेवारी १९४५मध्ये रोमानियातल्या जर्मनांना सोव्हिएत युनियनमध्ये सक्तमजुरीला नेलं, ७० हजारांच्या आसपास माणसं. पुरुष १७ ते ४५ वयाचे, बायका १८ ते ३० वयाच्या. कोण नाझी होतं आणि कोण नव्हतं हे कुणी विचारलं नाही. तिची आई त्यांत होती, पाच वर्षं युक्रेनमधल्या छावणीत.

तिथून परत आलेल्या बाईच्या पोटी ही मुलगी जन्मली. एकाच घरात गुन्ह्यात सामील झालेला बाप आणि त्या गुन्ह्याची शिक्षा भोगलेली आई, आणि दोन्ही विषय बोलायचे नाहीत. मऊ कोपरा यायचा कुठून?

रानपाखरू

मी थोडी विरुद्ध बाजूने बोलते.

‘पहिली हुकूमशाही गावच’ हे वाक्य ऐकायला भारी आहे, पण ज्यांनी त्यात आयुष्य काढलं त्यांच्यावर ते अन्याय करतं असं मला वाटतं. पायवाट यांनी १९४५ सांगितलं. त्यानंतर जून १९५१मध्ये बानातच्या सीमाभागातली सुमारे ४० हजार माणसं उचलून बारागानच्या उघड्या माळरानावर नेऊन टाकली. जर्मन, रोमानियन, सर्ब, सगळे. जमीन गेली, घरं गेली. उरलं काय, तर बोली, चर्च, सणाचे कपडे. आणि मग त्याच गावातली एक मुलगी पहिल्याच पुस्तकात, ‘नीडरुंगन’मध्ये, लिहिते की तुमच्यात दारू आहे, मार आहे, ढोंग आहे, जुन्या गुन्ह्यांवर घातलेलं पांघरूण आहे. बानातच्या जर्मनांत त्या पुस्तकावर प्रचंड संताप झाला होता. मला तो समजू शकतो.

पुस्तक खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण सगळं हिरावलेल्या माणसांनी आपल्या गावाचं एक गोड चित्र जपलं, तर त्याला फक्त ढोंग म्हणायचं?

मृण्मयी_दे

रानपाखरू, तुझा मुद्दा कळतो. पण गोड चित्र जपण्याची किंमत कुणीतरी मोजत असतंच, आणि बहुतेक वेळा ती मुलं आणि बायका मोजतात.

मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. दलित आत्मकथनांनी गाव आपल्याला वेशीबाहेरून दाखवलं आणि हिरव्यागार शेताच्या, विहिरीच्या काठच्या कवितांचा रंग तिथेच उतरला. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ला डॉ. आंबेडकरांनी खेड्यांबद्दल जे सुनावलं, तेही अनेकांना झोंबलं होतं. म्युलरचं गाव वेगळं, तिथला इतिहास वेगळा, तुलना मी यापुढे ताणणार नाही. एवढंच की गावाची हिरवळ नाकारणारं लेखन म्हणजे गावाचा द्वेष, हे समीकरण मला मान्य नाही. ती गावातून निघून गेल्यावरही आयुष्यभर त्याच गावाबद्दल लिहीत राहिली. द्वेष असता तर एका पुस्तकात मोकळी झाली असती.

टिपणवही

सायलीताई, तुम्ही नखांचा प्रसंग काढलात म्हणून एक जोड दाखवतो.

मित्र पांगतात तेव्हा पत्रांसाठी खुणा ठरवतात. पत्रात एक केस ठेवायचा, तो नसला तर समजायचं पत्र उघडलं गेलंय. चौकशी झाली असेल तर वाक्यात नखं कापायची कात्री आणायची. झडती झाली असेल तर बूट. पाठलाग होत असेल तर सर्दी झाल्याचं लिहायचं. मायन्याच्या पुढे नेहमी उद्गारचिन्ह, पण जिवाची धमकी असेल तर नुसता स्वल्पविराम.

आता खुर्चीला बांधलेली ती मुलगी आठवा. पत्रात चौकशीची खूण म्हणून ठरलेली वस्तू कोणती? कात्री. लेखिका कुठेही समजावून सांगत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. गाव आणि राज्य यांच्यामधला धागा तिने एका घरगुती वस्तूत ओवून ठेवलाय.

ओंजळ

टिपणवही, हे माझ्या नजरेतून पूर्ण निसटलं होतं. आता पुन्हा वाचायला घेते.

दुपारची_गाडी

मी प्रामाणिकपणे सांगतो, मला हे पुस्तक फार जड गेलं. कथा सरळ चालत नाही. प्रकरणं नाहीत. एक प्रतिमा येते, दहा पानांनी पुन्हा येते, मधे काय झालं ते आपण जुळवायचं. लोला नावाची मुलगी सुरुवातीलाच वसतिगृहातल्या कपाटात फास लावलेली सापडते, आणि मेल्यानंतर तिला पक्षातून काढून टाकण्यासाठी सभा भरते, सगळे हात वर करतात. हा प्रसंग इतका जबरदस्त, की मला पुढे तशीच पकड हवी होती. त्याऐवजी काव्य मिळालं. हुकूमशाहीवर लिहिताना इतकं काव्य कशाला? सरळ सांगा ना काय झालं ते.

जुना_वाचक

दुपारची गाडी, ‘सरळ सांगा’ हे त्या देशात कसं शक्य होतं ते पाहू.

१९८३च्या मार्चमध्ये रोमानियात एक फर्मान निघालं: खासगी टंकलेखन यंत्राची पोलिसांकडे नोंद करायची आणि त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करायचा. म्हणजे कुठे एखादं पत्रक सापडलं तर अक्षरांच्या झिजेवरून घर शोधता यावं. चाउशेस्कू १९६५पासून सत्तेवर होता. सुरुवातीची काही वर्षं जरा मोकळी गेली, पण १९७१च्या जुलैमध्ये त्याने संस्कृतीबद्दलचे नवे सिद्धान्त जाहीर केले आणि लेखकांच्या नाड्या पुन्हा आवळल्या.

रानपाखरूंनी उल्लेख केलेलं ‘नीडरुंगन’ बुखारेस्टमध्ये १९८२ला आलं, तेही हस्तलिखित प्रकाशकाकडे काही वर्षं पडून राहिल्यावर आणि भरपूर कापून. ‘सुटकेस’ हा शब्दसुद्धा त्यातून काढला गेला. कारण जर्मन अल्पसंख्याक देश सोडून चालले होते, पश्चिम जर्मनी एकेका माणसामागे रोमानियाला पैसे मोजत होती, आणि हे सगळं उघड गुपित होतं. पुस्तकात सुटकेस दिसली की वाचक तिचा प्रवास ओळखणार. एका सामानाच्या पेटीची राज्याला भीती वाटते, तेव्हा लिहिणारा माणूस आपोआप वस्तूंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. त्याला तुम्ही काव्य म्हणा. माझ्या मते तिच्यापुरती ती सगळ्यात अचूक बातमी होती.

भाषेबद्दलच बोलायचं तर व्हिक्टर क्लेम्पररचं ‘एलटीआय’ इथल्या प्रत्येकाने वाचावं. ड्रेस्डेनचा ज्यू प्राध्यापक, नाझींनी नोकरी, ग्रंथालय, टंकलेखन यंत्र सगळं काढून घेतलं, तरी तो रोज टिपणं ठेवत राहिला. राजवटीची भाषा लोकांच्या तोंडी कशी बसते याची. ‘फनाटिश’, म्हणजे माथेफिरूपणाने झपाटलेला, हा शब्द आधी निंदेचा होता, नाझींनी तो स्तुतीचा केला. आणि क्लेम्पररला सगळ्यात जास्त दुखतं ते हे, की राजवटीने ज्यांना चिरडलं त्यांच्याही बोलण्यात ते शब्द येऊ लागतात. पुस्तक १९४७चं. नंतर पूर्व जर्मनीत राहताना नव्या राजवटीची भाषाही तो त्याच कानाने ऐकत राहिला.

दुपारची_गाडी

जुना वाचक, सुटकेसचं माहीत नव्हतं. काव्याबद्दलचं मत मी अजून पूर्ण सोडत नाही, पण पुन्हा उघडून बघेन.

चिंचेचा_पार

‘सरळ सांगा’ यावरून आगोटा क्रिस्टोफ आठवली. ज्यांना म्युलरची शैली जमत नाही त्यांनी तिचं ‘द नोटबुक’ घ्यावं (मूळ फ्रेंच, १९८६). युद्धकाळ आहे, आई आपल्या जुळ्या मुलांना सीमेजवळच्या गावात आजीकडे सोडून जाते. आजी कंजूस, अस्वच्छ, मारकुटी. ही पोरं स्वतःला कठोर करायचे व्यायाम करतात: एकमेकांना मारतात, शिव्या देतात, उपाशी राहतात, म्हणजे कशानेच दुखायला नको. आणि वहीत निबंध लिहितात. नियम एकच, भावना लिहायच्या नाहीत, फक्त जे घडलं ते. ‘आजी चेटकिणीसारखी दिसते’ लिहायचं नाही, ‘लोक आजीला चेटकीण म्हणतात’ हे चालेल.

अगदी कोरडी वाक्यं. पण वाचताना पोटात गोळा येतो.

क्रिस्टोफ हंगेरीची. १९५६चा उठाव चिरडल्यावर तान्ह्या मुलीला घेऊन पायी सीमा ओलांडली, स्वित्झर्लंडला पोहोचली, घड्याळाच्या कारखान्यात काम केलं आणि पुढे फ्रेंचमध्ये लिहायला लागली. ‘द इलिटरेट’ नावाचं तिचं छोटंसं आत्मकथन आहे, एका बैठकीत होतं. फ्रेंचला ती त्यात शत्रूची भाषा म्हणते, कारण ती भाषा तिच्या मातृभाषेचा जीव घेत होती. इतकी वर्षं त्या भाषेत लिहूनसुद्धा.

ओंजळ

चिंचेचा पार, ‘द नोटबुक’ कुणी रात्री झोपण्याआधी वाचू नका हेही लिहा! मी वाचलं आणि पहाटेपर्यंत टक्क जागी होते.

रानपाखरू

क्रिस्टोफचं उदाहरण मला फार उपयोगी पडलं. तिथे गावाला नावच नाही, देशाला नाव नाही. त्यामुळे कुणा खऱ्या गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत नाही. म्युलरचं बानात मात्र नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. माझी अस्वस्थता तिथून येते.

मृण्मयी, द्वेषाबद्दलचं तुझं मान्य. माझा प्रश्न वाचकाचा आहे. बानातबद्दल मला बाकी काहीच माहीत नाही, तर हे एकच चित्र माझ्यासाठी संपूर्ण बानात होऊन बसतं.

पायवाट

मग ‘द हंगर एंजल’ वाचाच (मूळ ‘आतेमशाउकल’, २००९). ते बानातचं नाही, पण रोमानियातल्या जर्मनांचंच दुसरं चित्र त्यात आहे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या हेर्मानस्टाट शहरातला १७ वर्षांचा लिओ, १९४५ला युक्रेनमधल्या छावणीत नेला जातो. भूक हे त्या पुस्तकातलं मुख्य पात्र आहे. छावणीत लोक चाकवताच्या जातीचं रानटी पान उकडून खातात, ते लाल पडायला लागलं की खाण्याजोगं राहत नाही, आणि लिओला ते तेव्हाही सुंदर दिसतं. निघताना आजी म्हणालेली असते, तू परत येशील हे मला माहीत आहे. त्या एका वाक्यावर तो पाच वर्षं काढतो.

ज्या आयांनी घरी परतल्यावर तोंड उघडलं नाही, त्यांच्यासाठी मुलीने हे लिहिलंय असं मला वाचताना सतत वाटत होतं. आईने छावणीबद्दल फारसं सांगितलंच नव्हतं, म्हणून म्युलरने कवी ओस्कार पास्टिओरकडून त्याच्या छावणीच्या आठवणी उतरवून घेतल्या. पुस्तक दोघं मिळून लिहिणार होते. २००६ला तो गेला आणि तिने एकटीने पूर्ण केलं.

टिपणवही

पास्टिओरची पुढची गोष्टही सांगायला हवी. २०१०मध्ये कागदपत्रांतून बाहेर आलं की १९६०च्या दशकात तो स्वतः सेक्युरिताते, म्हणजे रोमानियाच्या गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता, ‘ओटो श्टाइन’ या नावाने. म्हणजे पुस्तकाला नोबेलचं वलय लाभून वर्षही होत नाही तोवर. म्युलरला जबर धक्का बसला. राग आला आणि दुःखही झालं, असं तिने उघड सांगितलं.

ओंजळ

हे वाचून वाईट वाटलं. मग ते पुस्तक आता कसं वाचायचं?

मृण्मयी_दे

माझ्या मते पुस्तक तसंच्या तसं उभं राहतं. भूक खोटी होत नाही, छावणी खोटी होत नाही. छावणीतून परतलेला, समलिंगी असल्यामुळे कधीही तुरुंगात जाऊ शकणारा माणूस. त्याला दाबणं त्यांना किती सोपं गेलं असेल.

जुना_वाचक

दाब समजतो, तरी मी इतक्या लवकर माफ करणार नाही. ज्यांच्यावर खबरी दिल्या गेल्या त्यांचीही आयुष्यं होती. म्युलरने स्वतः नकार दिला होता हे लक्षात घ्या. ती यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात अनुवादक होती. खबरी व्हायला नाही म्हणाली, तेव्हा तिची खोली काढून घेतली, तिच्या टेबलाशी दुसरं कुणी बसवलं. कामावर यायचं तर थांबवता येत नाही, नाहीतर गैरहजर म्हणून काढतील. मग ती जिन्याच्या पायरीवर रुमाल पसरून शब्दकोश घेऊन बसायची. शेवटी १९७९मध्ये नोकरी गेलीच. सहकाऱ्यांत मात्र हीच खबरी असल्याची कुजबुज पसरवली होती. ती तिच्या नोबेल भाषणात हे सगळं सांगते, आणि तो रुमाल आईपासून सुरू होतो: सकाळी घराबाहेर पडताना आई रोज फाटकाशी विचारायची, रुमाल घेतलास का.

नाही म्हणण्याची किंमत काय होती हे त्यावरून कळतं. त्यामुळे हो म्हणणाऱ्याबद्दल दया वाटली, तरी हिशेब पुसला जात नाही.

मृण्मयी_दे

हिशेब पुसा असं मी म्हणत नाहीये काका. पुस्तक आणि हिशेब दोन्ही शेजारी ठेवून वाचा, एवढंच.

रानपाखरू

जुना वाचक, तो रुमालाचा भाग मी आत्ता शोधून वाचला. सायलीने म्हटलं की मऊ कोपरा नाही. पण फाटकातला तो प्रश्नच मऊ कोपरा आहे की! म्युलर तिथे स्पष्ट म्हणते की आईचं प्रेम प्रश्नाचं रूप घेऊन यायचं, उघडपणे दाखवणं त्यांच्यात लाजिरवाणं होतं. मुलगी मुद्दाम रुमाल विसरून निघायची, म्हणजे आई विचारेल आणि परत आत जावं लागेल. खुर्चीला बांधणारी आई आणि रुमाल विचारणारी आई एकाच घरातल्या असू शकतात. तेव्हा गावाने तिला नुसता गप्प बसण्याचा धडा दिला असं नाही, नोकरी हिसकावून घेतली जात असताना बसायला पायरीवर जे अंथरलं तेही घरूनच आलेलं.

टिपणवही

रानपाखरू, हे फार छान पकडलंत.

दुपारची_गाडी

अवांतर, पण मला अजून एक कळलं नाही. ती रोमानियनमध्ये का नाही लिहीत? देश तो, विद्यापीठ तिथलं.

पायवाट

घरची भाषा जर्मन, त्यातही गावची बोली. रोमानियन ती शहरात शिकायला गेल्यावर, पंधराव्या वर्षी नीट शिकली. पण ती स्वतःच सांगते की लिहिताना रोमानियन कायम सोबत असते. दोन भाषांत एकाच गोष्टीकडे बघायचे डोळे वेगळे, आणि तिची जर्मन त्या दुसऱ्या डोळ्यांमुळे अशी विलक्षण झालीय. १९८७ला ती पश्चिम जर्मनीत गेली, तिथल्या लोकांनाही तिची जर्मन वेगळी वाटली. गावातल्या बोलीत राहिली नाही, राजवटीच्या घोषणांची भाषा घेतली नाही, जर्मनीतली प्रमाण जर्मनही जशीच्या तशी नाही. मासिकं-वर्तमानपत्रांतून शब्द कात्रीने कापून ती कोलाज कविता करते, त्या पाहिल्या नसतील तर जरूर बघा.

चिंचेचा_पार

पुन्हा कात्री!

सायली_वाचते

सगळ्यांचे प्रतिसाद नीट वाचले. पायवाट आणि रानपाखरू यांच्यामुळे माझं सुरुवातीचं म्हणणं थोडं बदलून मांडते. गाव ही पहिली हुकूमशाही होती हे मला अजूनही वाटतं. पण त्या गावावरही आधी कुणीतरी हुकूमशाही गाजवलेली होती, आणि तिथल्या बापांनी दुसऱ्यांवर. मुलीच्या वाट्याला हे सगळं एकदम आलं, तेही न बोललेलं. म्हणून तिने वस्तूंना बोलायला लावलं: कात्री, बूट, आलुबुखार, रुमाल. दुपारची गाडी, तुम्हाला जे काव्य वाटलं ते मला या बाजूने दिसतं.

पास्टिओरबद्दल मला काका जवळचे वाटतात आणि मृण्मयीही. त्याचा निवाडा माझ्याच्याने होत नाही. ‘द हंगर एंजल’ आता त्याची गोष्ट माहीत असतानाच वाचणार आहे.

ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी?

जुना_वाचक

‘द पासपोर्ट’. मूळ १९८६चं, शंभर पानांच्या आसपास. गावचा गिरणीवाला विंडिश देश सोडायच्या परवान्यासाठी पिठाची पोती वाहून नेतो, तरी परवाना मिळत नाही, आणि शेवटी किंमत त्याच्या मुलीकडून वसूल होते, पोलिसाकडूनही आणि पाद्र्याकडूनही. गाव आणि राज्य एकमेकांना कसे सामील होतात हे त्यात सगळ्यात उघडं दिसतं. वाक्यं छोटी आहेत, दुपारची गाडी यांनाही जमेल. त्यानंतर ‘ग्रीन प्लम्स’, मग ‘हंगर एंजल’. ‘नीडरुंगन’ (इंग्रजीत ‘नाडिर्स’) शेवटी घ्या, कारण ते पूर्ण मुलीच्या नजरेतून आहे आणि तोवर तुम्हाला त्या घरातल्या मोठ्यांची माहिती झालेली असेल.

रानपाखरू

मी ‘नीडरुंगन’ आधी वाचलं होतं, मोठ्यांबद्दल काहीच माहीत नसताना. बहुतेक म्हणूनच गावाची बाजू घेत भांडत होते. ‘द पासपोर्ट’ मागवलं आहे, वाचून इथेच लिहीन. पाद्र्याबद्दल तर नक्कीच भांडेन.